मेंदूचा डेटा कोणाचा? एआय उपकरणे, ग्राहकांचे हक्क आणि कायदा

कपाळावर बांधायचा पट्टा, कानात घालायची इयरफोनसारखी वस्तू, मनगटावरचे घड्याळ किंवा फोनमधले ॲप. ‘एकाग्रता वाढवा’, ‘झोप सुधारा’, ‘स्मृती तपासा’, ‘ताण ओळखा’ असे सांगणारी अशी उपकरणे आता डॉक्टरच्या चिठ्ठीविना ऑनलाइन मिळतात. ती मेंदूशी किंवा वर्तनाशी संबंधित संकेत गोळा करतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, आधारे त्यांतून निष्कर्ष काढतात. या निष्कर्षांवर किती विश्वास ठेवायचा? गोळा झालेला डेटा कोणाचा? आणि तो चुकीच्या हाती पडला, तर दाद कुठे मागायची? या प्रश्नांचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातल्या न्यायालयापर्यंत जातो.

ही उपकरणे नेमके काय मोजतात?

मेंदूतील पेशी एकमेकींशी विद्युत संकेतांनी बोलतात. त्यांचा अतिशय क्षीण प्रतिध्वनी डोक्याच्या त्वचेवर मिळतो. तो व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतका असतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील अशा लहरींची पहिली नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. या तपासणीला ईईजी म्हणतात. अपस्मार म्हणजे फिट येण्याच्या आजारात ती आजही नित्याने केली जाते.

योगायोग असा, की १९२४ मध्येच स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजायचा आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडायचा, असा त्यांचा आग्रह होता. मन आणि शरीर यांचे मोजमाप ही मळवली-लोणावळा परिसराला नवी गोष्ट नाही. नवे आहे ते हे, की हे मोजमाप प्रयोगशाळेतून बाहेर पडून घराघरांत आले आहे.

रुग्णालयातील नेहमीच्या ईईजीमध्ये साधारण २१ इलेक्ट्रोड ठरावीक जागी लावले जातात आणि प्रशिक्षित व्यक्ती आलेख वाचते. घरगुती पट्ट्यात इलेक्ट्रोड मोजकेच असतात. डोळ्यांची उघडझाप, जबड्याची हालचाल, घाम यांमुळे त्यातील संकेत सहज बिघडतात. या गोंगाटातून अर्थ काढण्याचे काम एआय करते. काही ॲप मेंदूला स्पर्शही करत नाहीत. बोलण्यातील अडखळणे, टायपिंगचा वेग, चालण्याची लय, झोपेच्या वेळा यांवरून ती स्मृती किंवा मनःस्थितीविषयी अंदाज बांधतात. तिसरा प्रकार त्याहून पुढचा आहे. त्यात डोक्याला अगदी कमी तीव्रतेचा विद्युतप्रवाह देऊन मेंदूच्या कार्यात बदल घडवण्याचा प्रयत्न होतो. मोजणारे, अंदाज बांधणारे आणि बदल घडवणारे, अशा या तीन प्रकारांची जोखीम सारखी नाही.

पुण्यातील खटला काय सांगतो?

मेंदूचे संकेत वाचून माणसाच्या मनातले कळते, हा दावा भारतात सर्वात गंभीर स्वरूपात पुण्यात तपासला गेला. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून प्रकरणात व्यवस्थापनशास्त्राच्या माजी विद्यार्थिनीला दोषी ठरवले. निकालात इतर पुराव्यांबरोबर ‘बीओस’ या चाचणीचाही आधार घेण्यात आला होता. मेंदूतील विद्युत लहरींवरून एखाद्याला घटनेचा ‘अनुभव’ आहे की केवळ ‘माहिती’ आहे हे ओळखता येते, असा या चाचणीचा दावा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ चंपडी रमण मुकुंदन यांनी ती विकसित केली होती. आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तिला घटनेविषयीची विधाने ऐकवली जातात. तिने तोंडातून एक शब्दही काढण्याची गरज नसते.

या निकालाची जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी निम्हान्सचे तत्कालीन संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा चाचण्यांचा वैज्ञानिक पाया पुरेसा नसल्याचा आणि न्यायालयात त्यांचा पुरावा म्हणून वापर होऊ नये असा अभिप्राय दिला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित महिलेला जामीन दिला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात निर्णायक भूमिका घेतली. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. कारणे दोन होती. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. शिवाय अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात मनाचा खासगीपणाही येतो. बोलायचे की गप्प राहायचे, हा निर्णय ज्याचा त्याचा आहे, हे तत्त्व न्यायालयाने मेंदूच्या लहरींनाही लागू केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले, तेव्हा हा पाया आणखी भक्कम झाला.

मग घरगुती उपकरणाचा प्रश्न वेगळा का?

सेल्वी निकाल पोलिस आणि राज्यसंस्था यांना रोखतो. घरगुती उपकरण माणूस स्वतः विकत घेतो, स्वतः डोक्याला बांधतो आणि ‘मी सहमत आहे’ या चौकटीवर स्वतःच टिचकी मारतो. पोलिसांना जे सक्तीने घेता येत नाही, ते कंपनीला एका टिचकीत मिळते. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध असतात. खासगी कंपनीविरुद्ध दाद मागायला साधे कायदे लागतात.

यात आणखी एक वळण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार तपासासाठी आवश्यक दस्तऐवज किंवा वस्तू, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील असले तरी, सादर करण्याचा आदेश देता येतो. डेटा संरक्षण कायद्यातही गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध आणि तपास यांसाठी सवलत आहे. त्यामुळे आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावता आले नाहीत, तरी त्याने महिनोन्महिने वापरलेल्या पट्ट्याच्या नोंदी कंपनीकडून मागवल्या जाऊ शकतात. सेल्वी प्रकरणात न्यायालयापुढे सक्तीच्या चाचण्या होत्या, स्वेच्छेने साठवलेल्या नोंदी नव्हत्या. दोन्हींतले हे अंतर हाच या विषयातला सर्वात नाजूक कायदेशीर प्रश्न आहे.

डेटा संरक्षण कायदा काय देतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील अशी टप्प्यांची रचना आहे. ग्राहकाच्या दृष्टीने त्यातल्या पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

• संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. सांगितलेल्या उद्देशासाठी जेवढा डेटा लागतो, तेवढ्यापुरतीच ती ग्राह्य असते.

• संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहे. मळवलीतील आजीबाईंना इंग्रजी अटींवर अंगठा उमटवायला लावणे या कायद्याच्या हेतूत बसत नाही.

• संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे.

• आपला कोणता डेटा कंपनीकडे आहे हे विचारण्याचा, तो दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क आहे.

• मृत्यू किंवा अक्षमता आल्यास हे हक्क आपल्या वतीने कोणी वापरायचे, त्या व्यक्तीचे नामांकन करता येते. स्मृतिभ्रंशाची शंका असलेल्या व्यक्तीसाठी ही तरतूद विशेष मोलाची आहे, कारण आज संमती देऊ शकणारी व्यक्ती काही वर्षांनी ती मागे घेण्याच्या स्थितीत नसू शकते.

पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्यातील पोकळ्या कोणत्या?

पहिली पोकळी म्हणजे संवेदनशील डेटाचा वेगळा वर्गच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत शारीरिक, शरीरक्रियात्मक आणि मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ मानली होती. नव्या कायद्याने ही वर्गवारी ठेवलेली नाही. मेंदूच्या लहरी आणि किराणा दुकानात दिलेला फोन नंबर, दोन्ही फक्त ‘वैयक्तिक डेटा’.

दुसरी पोकळी भरपाईची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ए नुसार निष्काळजीपणामुळे नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई मागता येत होती. नवा कायदा पूर्ण लागू होताच हे कलम वगळले जाईल. नव्या कायद्यातील दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते, ज्याचा डेटा फुटला त्याच्या हाती ती पडत नाही.

तिसरी पोकळी नोकरीची. रोजगाराशी संबंधित कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी काही परिस्थितीत संमतीविना डेटा वापरण्याची मुभा कायद्यात आहे. तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवड या औद्योगिक पट्ट्यात चालक किंवा यंत्रावरील कामगाराचा थकवा ओळखणारी उपकरणे अपघात टाळू शकतात, हे खरे. पण तोच डेटा पगारवाढ किंवा कामावरून कमी करण्याच्या निर्णयात वापरला, तर? ‘सुरक्षिततेसाठी’ आणि ‘पाळतीसाठी’ यांतील सीमारेषा कायद्याने स्पष्ट केलेली नाही. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने मात्र फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळांत भावना ओळखणाऱ्या एआय प्रणालींवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तिला अपवाद आहेत.

चौथी पोकळी निष्कर्षांची. कंपनीने गोळा केलेल्या लहरी हा डेटा झाला. पण त्यावरून एआयने काढलेला ‘नैराश्याची शक्यता’ हा निष्कर्ष पुढे कोणाकोणाला द्यायचा, याचे बारकावे अटींच्या कागदात दडलेले असतात. बहुतेकदा धोका कच्च्या लहरींपेक्षा या निष्कर्षातच जास्त असतो.

हे वैद्यकीय उपकरण आहे की नाही?

११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे, सॉफ्टवेअरसह, औषध कायद्याच्या कक्षेत आली. जोखमीनुसार त्यांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग असून परवाना लागतो. पण एखादी वस्तू वैद्यकीय उपकरण आहे की नाही, हे मुख्यतः उत्पादक तिचा उद्देश काय सांगतो यावर ठरते. आजाराचे निदान, प्रतिबंध, देखरेख किंवा उपचार असा उद्देश असेल, तर नियम लागू होतात. म्हणून वेष्टनावर ‘नैराश्यावर उपचार’ ऐवजी ‘मन प्रसन्न ठेवण्यासाठी’ आणि ‘स्मृतिभ्रंशाची तपासणी’ ऐवजी ‘मेंदूचे वय जाणून घ्या’ असे शब्द येतात. आतले यंत्र तेच राहते, बदलतो तो फक्त दावा.

जाहिरातीतून मात्र हा दावा पुन्हा आजाराकडे झुकत असेल, तर इतर कायदे आहेत. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ हा ठरावीक आजारांवरील उपचारांच्या जाहिरातींना मनाई करतो. त्या यादीत मेंदूचे विकार आणि अपस्मारही आहेत, आणि शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेल्या वस्तूंनाही या कायद्याची व्याख्या स्पर्श करते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

असे प्रकरण परदेशात घडलेही आहे. ‘ल्युमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या ॲपमागील कंपनीने वयानुसार येणारी विस्मृती टळते असे सुचवणाऱ्या जाहिराती केल्या होत्या. त्यासाठी पुरेसा वैज्ञानिक पुरावा नव्हता, असा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटवले.

‘९० टक्के अचूक’ म्हणजे काय?

नैतिक प्रश्नांत सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते खोट्या इशाऱ्याकडे. एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, साठीपुढच्या १,००० जणांपैकी ५० जणांना खरोखर स्मृतिभ्रंश आहे. उपकरण आजार असलेल्यांपैकी ९० टक्के लोकांना ओळखते आणि आजार नसलेल्यांपैकी ९० टक्के लोकांना ‘ठीक’ सांगते. तर ५० पैकी ४५ जणांना योग्य इशारा मिळेल. उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांना आजार नसतानाही इशारा मिळेल. म्हणजे इशारा मिळालेल्या १४० जणांपैकी ९५ निरोगी असतील. ‘९० टक्के अचूक’ हा दावा खरा असूनही इशारा मिळालेल्या दर तिघांपैकी सुमारे दोघे विनाकारण धास्तावतील. आणि आजार असलेल्या पाच जणांना ‘ठीक आहात’ असा दिलासा मिळेल. ते कदाचित डॉक्टरांकडे जाणे लांबवतील.

त्यात भाषेची भर पडते. बोलण्यावरून स्मृती तपासणारी प्रणाली प्रामुख्याने इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आवाजावर घडवलेली असेल, तर मावळी बोलीत, सावकाश, मधेच थांबून बोलणाऱ्या शेतकऱ्याचा सहज विराम तिला ‘शब्द न आठवणे’ वाटू शकतो. शाळेत फार न गेलेल्या व्यक्तीला अंक उलटे म्हणायला लावणारी चाचणी तिच्या शिक्षणाचे मोजमाप करते, स्मृतीचे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातील एआयविषयी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रणाली वेगवेगळ्या समाजगटांवर तपासलेली असावी आणि निर्णयात माणसाचे नियंत्रण राहावे, असा त्यांचा रोख आहे. पण ही तत्त्वे संशोधक आणि आरोग्यसेवकांसाठी आहेत. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या खेळवजा पट्ट्याला ती बांधून ठेवत नाहीत.

हाच फरक संशोधनाच्या बाबतीतही दिसतो. एखाद्या संस्थेत ध्यानाच्या परिणामांवर अभ्यास करायचा तर नैतिकता समितीची परवानगी आणि सहभागींची त्यांना समजेल अशा भाषेतील संमती लागते. समजा, मळवली-लोणावळा पट्ट्यातील एखाद्या शिबिरात सहभागींना ‘ध्यान किती खोल लागले’ हे दाखवणारे पट्टे दिले. तिथे समिती नसते. शिबिर चालक आणि पट्ट्याची कंपनी, दोघांकडेही डेटा जाऊ शकतो. अशा वेळी डेटा का आणि कसा वापरायचा हे जो ठरवतो, त्याच्यावर संमतीची आणि सुरक्षेची जबाबदारी येते. शिबिराचे शुल्क भरले म्हणजे मेंदूच्या नोंदींना संमती दिली, असा अर्थ निघत नाही.

मुलांचे काय?

२०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्यावर एकाग्रता मोजणारे पट्टे बसवल्याची दृश्ये पसरली. शिक्षक आणि पालक यांना मुलाचे लक्ष कितपत आहे हे कळत असे. लोकांचा रोष वाढल्यावर तो वापर थांबवण्यात आला.

भारतीय कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. तिच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. मात्र शैक्षणिक उपक्रम आणि मुलांची सुरक्षितता यांसाठी शिक्षणसंस्थांना नियमांत सवलत आहे. लक्ष मोजणारा पट्टा ‘शैक्षणिक उपक्रम’ ठरवला गेला, तर संरक्षणच सैल होते. पालक सहमत असले, तरी एकाग्रतेचा आकडा सतत समोर असताना मुलाने मनात रमण्याचे स्वातंत्र्य गमावणे योग्य आहे का, हा प्रश्न संमतीने सुटत नाही.

इतर देशांनी काय केले?

चिलीने २०२१ मध्ये मेंदूची क्रिया आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण देण्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती केली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी सिनेटर ग्विदो गिरार्दी यांच्या अर्जावर ‘इमोटिव्ह’ कंपनीला त्यांच्या मेंदूचा डेटा पुसून टाकण्याचा आदेश दिला. गिरार्दी यांनी कंपनीचा डोक्याला लावायचा पट्टा साध्या ग्राहकाप्रमाणे वापरला होता. २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी आपल्या खासगीपणाच्या कायद्यांत मेंदूच्या डेटाला संवेदनशील डेटाचा दर्जा दिला. त्याच वर्षी न्यूरोराइट्स फाउंडेशनने ३० कंपन्यांच्या अटींचा अभ्यास केला. त्यांपैकी २९ कंपन्यांना ग्राहकांचा मेंदूविषयक डेटा हाताळण्याची मुभा होती आणि तिच्यावर अर्थपूर्ण मर्यादा नव्हती, असे त्यात आढळले. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने न्यूरोतंत्रज्ञानाच्या नैतिकतेविषयीची शिफारस स्वीकारली. ती बंधनकारक नाही, पण सदस्य देशांना कायदे करताना दिशा देते.

ग्राहकाने काय करावे?

खरेदीपूर्वी वेष्टनावर वैद्यकीय उपकरणाचा परवाना क्रमांक आहे का, ते पाहावे. नसेल, तर त्याचा निष्कर्ष निदान म्हणून घेऊ नये. डेटा फोनमध्येच राहतो की परदेशी सर्व्हरवर जातो, खाते बंद केल्यावर तो पुसला जातो का आणि तो एआय घडवण्यासाठी वापरला जातो का, हे तीन प्रश्न कंपनीला लेखी विचारावेत. उत्तर जपून ठेवावे. विद्युतप्रवाह देणारे उपकरण डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरू नये. अपस्माराचा त्रास, शरीरात पेसमेकर किंवा गरोदरपण असल्यास तर नाहीच.

ॲपने धोक्याचा इशारा दिला, तर तो आकडा विमा अर्जात किंवा नातेवाइकांच्या गटात टाकण्याआधी न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर गोपनीयतेचे बंधन घातले आहे. ॲपला थेट तसे बंधन नाही, हा फरक लक्षात ठेवावा. मनावर ताण असल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

दावा खोटा निघाला किंवा उपकरणामुळे इजा झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो. विक्रेता बंगळुरूचा असो वा परदेशी, मळवलीच्या ग्राहकाला पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ॲपच्या अटींची खरेदीच्या दिवशीची प्रत आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, एवढे कागद तक्रारीसाठी आधीपासून सांभाळून ठेवावेत. अटी कंपनीला केव्हाही बदलता येतात, म्हणून त्या दिवशीची प्रत सर्वात महत्त्वाची.